चित्राची पाठ

राजापूरकडच्या आमच्या घरात, माजघराच्या ज्या एकाच भिंतीला पावसाळ्यात ओल येत नाही त्या भिंतीवर, तोडी रागिणीचे, म्हणजे संगीतातल्या रागिणीला स्त्रीरूपात दाखवणारे, एक लघुचित्र टांगलेले आहे. वीतभर उंचीचा कागद, वर पिवळ्या पट्टीत काळ्या शाईने लिहिलेला दोहा, खाली खांद्यावर वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याकडे माना वळवून उभी असलेली दोन हरणे. पणजोबा होळकर संस्थानात कारकून होते आणि नोकरी संपवून गावी परतताना त्यांनी ते बरोबर आणले, एवढेच घरात सांगितले जाते. ते त्यांनी विकत घेतले, त्यांना बक्षीस मिळाले, की कुणाच्या अडचणीच्या दिवसांत स्वस्तात हाती आले, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

माझ्या लहानपणी ते चौकटीत नव्हते. आत्या ते शिसवी पेटीतून, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेले, बाहेर काढायची आणि आम्हा मुलांना लांबूनच दाखवायची. मला चित्रापेक्षा त्याची पाठ अधिक स्पष्ट आठवते. तिथे एक पुसट गोल शिक्का होता, त्याखाली देवनागरीतला एक आकडा, त्यावर रेघ मारून शेजारी वेगळ्या हाताने लिहिलेला दुसरा आकडा आणि कोपऱ्यात दोन ओळी. पुढे कसर लागू नये म्हणून घरच्यांनी ते शहरातल्या एका फ्रेमवाल्याकडे दिले. चौकटीत नेमके बसावे म्हणून त्याने हाशियाची, म्हणजे चित्राभोवतीच्या समासाची, बोटभर पट्टी कापली आणि कागद सपाट राहावा म्हणून सगळे चित्र हार्डबोर्डवर पांढऱ्या गोंदाने चिकटवून टाकले. समोरून चित्र आजही सुंदर दिसते, पण त्याची हकीकत त्या गोंदाखाली गेली.

आपल्याकडे लघुचित्राची पाठ ही रिकामी जागा कधीच नव्हती. जहांगीर आणि शाहजहान यांनी आपल्या ग्रंथालयात आलेल्या पोथ्यांवर स्वतःच्या हाताने नोंदी केल्या आहेत आणि पुढच्या अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी त्यांखाली शिक्के उमटवले आहेत. मेवाडच्या दरबारात चित्रांच्या कोठाराला जोतदान म्हणत आणि तिथल्या चित्रांच्या पाठीवर क्रमांक व किंमत लिहिलेली आढळते. एका आकड्यावर रेघ मारून दुसरा लिहिला जातो, तेव्हा बहुधा चित्राची पुन्हा मोजदाद झालेली असते किंवा त्याचे कोठार बदललेले असते. म्हणजे आमच्या पणजोबांच्या हाती येण्यापूर्वीच या कागदाने निदान दोन याद्या पाहिल्या असाव्यात.

नोंद हरवली की काय होते, याची मोठी उदाहरणे समोर आहेत. अकबराने करवून घेतलेल्या हम्जानाम्यात, म्हणजे अमीर हम्जाच्या साहसकथांच्या सचित्र ग्रंथात, सुमारे 1400 चित्रे होती, त्यांपैकी आज जेमतेम दोनशे उरली आहेत. 1881 साली लंडनच्या संग्रहालयासाठी वस्तू खरेदी करणाऱ्या कॅस्पर पर्डन क्लार्क यांना श्रीनगरात त्यातली काही पाने मिळाली, तेव्हा ती थंडीवारा अडवण्यासाठी खिडक्यांना लावलेली होती. बादशहाच्या कोठारापासून काश्मीरमधल्या त्या खिडकीपर्यंतचा प्रवास कुणीही लिहून ठेवलेला नाही. याउलट, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अकबरनामा (अकबराच्या कारकिर्दीचा सचित्र इतिहास) 1896 साली जॉन क्लार्क नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या विधवेकडून विकत घेतला गेला, आणि 1857च्या उठावानंतर हा अधिकारी अवधमध्ये कमिशनर होता, हे आपल्याला माहीत आहे. ही नोंद वाचायला सुखद नाही, पण ती आहे म्हणून त्या 116 चित्रांविषयी प्रश्न तरी विचारता येतो. म्हणूनच विक्रीच्या यादीत चित्राखाली नुसते ‘एका खाजगी संग्रहातून’ असे छापलेले दिसले, की मला त्या शब्दांचा मनापासून राग येतो.

आपल्या कोकणातलेच एक उदाहरण सांगतो. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या परंपरेतली, चित्रे पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या बांधून जपली, पण बाहेरच्या जगात ही शैली ‘पैठण चित्रे’ म्हणून ओळखली गेली, कारण संग्राहकांच्या हाती लागलेली चित्रे पैठणच्या बाजूला मिळाली होती. विकत घेण्याचे ठिकाण हेच चित्रांचे नाव होऊन बसले. पिंगुळीचे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पिंगुळीचे नाव बातम्यांत आले. ही दाद फार उशिरा मिळाली असे मी म्हणेन.

कायद्यालाही हा इतिहास हवा आहे. 1972चा पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायदा 1976पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुन्या लघुचित्राची नोंदणी करावी लागते, नोंदलेल्या चित्राची मालकी बदलली की ते कळवावे लागते आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. किती घरांत हे पाळले जाते, हे प्रत्येकाने आपल्या पेटीकडे पाहून ठरवावे. आमच्याकडे अनेक वर्षे पाळले गेले नव्हते. या उन्हाळ्यात मी अर्जाची तयारी सुरू केली, तेव्हा एका काकांनी विचारले, ‘आता कशाला उकरून काढतोस? उद्या कुणी म्हणाले ते पणजोबांनी ढापले, तर?’ मी त्यांना म्हटले, काका, तसे असेल तर तेही लिहून ठेवायला हवे. चित्र आपल्या घरात आहे, पण त्याची हकीकत आपल्या घरापेक्षा मोठी आहे.

आत्या आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्याजवळ बसून मी तिला आठवेल ते सगळे सांगायला लावले. बोलता बोलता ती म्हणाली, ‘अरे, अशी दोन होती. वाटणीत एक देवरुखच्या घरी गेले.’ पुढच्याच आठवड्यात मी देवरुखला गेलो. तिथल्या वहिनींनी जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यातून एक कागद काढून दिला. त्या पानाला चौकटही लागली नव्हती आणि गोंदही लागला नव्हता. ओटीवरच्या उजेडात मी ते उलटे केले, तर तोच गोल शिक्का, रेघ मारलेला आकडा आणि त्याशेजारी दुसरा. कोपऱ्यातल्या दोन ओळींपैकी एकीत ‘रागमाळा’ (राग-रागिण्यांच्या चित्रांची मालिका) आणि ‘पाने’ हे शब्द वाचता आले, बाकीची शाई फिकी झाली आहे. शिक्का अजून वाचता आलेला नाही.

दोन्ही चित्रांसाठी मी एक वही केली आहे. पहिल्या पानावर आत्याचे बोलणे तिच्याच शब्दांत, त्यावर तारीख आणि तिची सही. देवरुखच्या पानाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे. आमच्या चित्राचा हार्डबोर्ड काढता येईल का, हे जाणकारांना विचारायचे आहे आणि तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही, असे घरात ठरले आहे. ‘पणजोबांना कसे मिळाले’ या मथळ्याखाली मी ‘माहीत नाही’ असे लिहिले आहे आणि त्याखाली अर्धे पान कोरे सोडले आहे.