पंखा माझा, बनियन काकांचं

सोसायटीच्या ग्रुपवर काल रात्री माझ्याविरुद्ध तक्रार पडली. आवाजाची नव्हे, गळतीची नव्हे, गाडी आडवी लावल्याचीही नव्हे. तक्रार अशी, की मी माझ्या घरातला, माझ्या पैशाचा, माझ्या मीटरवर चालणारा पंखा पूर्वसूचना न देता बंद ठेवला. खाली अंगठ्यांची रांग.

थोडक्यात सांगतो. ठाण्यात आमच्या समोरची चार मजली इमारत पुनर्विकासात गेली, तिथे टॉवर उभा राहिला आणि आमच्या बाल्कनीतलं ऊन बंद झालं. उन्हाचा एफएसआय कुणी मोजत नाही. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी विचारायची सोय नाही, घेतली तर निम्मा चिखलच निघतो. म्हणून मी ग्रो टेंट आणला, म्हणजे घरात दिव्याच्या उजेडात झाडं वाढवायचा बंदिस्त तंबू. दोन बाय दोन फूट, उंची पाच, बाहेरून काळा, आतून चंदेरी. पोळपाटावर धने रगडून, त्यांच्या फाकी करून पेरले. सासूबाई त्याला ‘तो तंबू’ म्हणतात आणि ‘तो’वर जरा जास्तच जोर देतात.

दिवा पांढराच घेतला. जांभळा मुद्दाम टाळला, कारण आमच्या सेक्रेटरींना 1985चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा पाठ नसला तरी गांजावाल्या वेब सिरीज पाठ आहेत. दिव्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 1000 वॉट. प्लगला मीटर लावला तर 100. दुकानदाराला जाब विचारायला जावं तर ‘सर, ते इक्विव्हॅलंट असतं’. पण 100 वॉट रोज 16 तास म्हणजे महिन्याला 48 युनिटं, आणि बिलाने शंभर युनिटं ओलांडली की पुढचा दर लागतो. तो मात्र इक्विव्हॅलंट नसतो, खराच असतो.

शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तंबूतच कोंडते. ती बाहेर काढायला वरच्या भोकात चार इंची पंखा, खाली हवा आत यायला जाळीची झडप. पंख्याने नीट ओढ घेतली की तंबूच्या भिंती कवळी काढलेल्या गालांसारख्या आत बसतात. बसल्या म्हणजे जमलं. पंख्याला किचनच्या चिमणीला लावतात तो सुरकुत्यांचा पाइप जोडला आणि त्याचं तोंड ड्राय बाल्कनीच्या ग्रिलमधून बाहेर काढलं.

शेजारच्या काकूंची कपड्यांची दोरी तिथून हातभर अंतरावर आहे.

जुलैतलं ठाणं. कपडे वाळत नाहीत, फक्त कुबट होतात. काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं, “हे काय फुंकतंय रे?” मी सविस्तर सांगितलं. त्यांनी ग्रिलमधून हात काढून पाइपसमोर धरला, पुढे केला, मागे केला, हवेची पारख केली. दुसऱ्या दिवशी पाइपाच्या तोंडावर काकांचं बनियन, दोन्ही खांद्यांना चिमटे.

“काकू, समोर कपडा आला की हवा अडते.”

“अडत नाही रे. बनियनमधून जाते. जाळीचंच आहे.”

“आत गरम होतं. कोथिंबीर फुलावर येईल.”

“येऊ दे की. धने होतील.”

“मला पानं हवी आहेत काकू.”

“पानं खाली भाजीवाल्याकडे मिळतात. वाळलेले कपडे कुठे मिळतात, सांग?”

याला उत्तर नव्हतं. पण काकूंचं संपलं नव्हतं. “आणि रात्री दहानंतर तुझा पंखा ढिला पडतो. यांची पॅंट सकाळी ओलीच असते.”

“दहाला दिवा बंद होतो, म्हणून वेग कमी करतो.”

“मग दिवा चालू ठेव.”

“झाडांना अंधार लागतो.”

“यांनाही लागतो. मी वाचते ना बारापर्यंत? काही मरत नाहीत. आणि हो, कपड्यांना कसलासा हिरवा वास येतो. त्याचं काहीतरी बघ.”

वासासाठी कोळशाचा फिल्टर मिळतो. त्याची किंमत मी खरोखर बघितली, याचा मला अजून राग येतो.

काल पंख्याची पाती धुळीने माखली होती म्हणून तो उतरवला. या हवेत पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, यायला वेळ लागत नाही, त्यामुळे तंबूही पुसायला घेतला. दुपारभराचं काम. त्याच दुपारी काकूंनी चादरी धुतल्या होत्या, त्याला मी काय करू? त्यांनी फोटोसकट ग्रुपवर टाकलं. फोटोत चादर आणि मागे माझा निपचित पाइप.

टॉवरच्या एसींची ओळच्या ओळ दिवसभर आमच्या तोंडावर गरम हवा सोडते. त्याबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही. बिल्डरने ऊन खाल्लं, तेव्हाही ग्रुपवर सुप्रभातच चालू होतं. दोरी तिथवर पोचत नाही, तेवढ्यापुरता तो टॉवर सुटला.

आज सेक्रेटरी जिन्यात भेटले. मला वाटलं, समजूत घालतील. त्यांनी विचारलं, एक जास्तीचा पाइप काढून मागच्या बाजूला वळवता येईल का, तिकडच्या लोकांचीही मागणी आहे. मेंटेनन्समधून मात्र काही देता येणार नाही, हेही लगेच सांगितलं.