‘फाइल एक्झिस्ट्स’चं तोंड दाबू नका

डेबियन लिनक्सच्या नेटवर्क स्क्रिप्टमध्ये राउट (कुठल्या वाटेने जायचं ती नोंद) टाकताना ‘आरटीनेटलिंक आन्सर्स: फाइल एक्झिस्ट्स’ दिसलं की ठरलेला सल्ला मिळतो: हा एरर खोटा आहे, नेट चालतंय ना? मग एरर डेव्ह-नलमध्ये (तिथे टाकलेलं सगळं गायब होतं) ढकला, कमांड फसली तरी यशस्वी धरली जावी म्हणून शेवटी ‘ऑर ट्रू’ लावा, आणि तरीही ऐकत नसेल तर नेटवर्क कार्डावरचे आयपी पत्ते फ्लश करून, म्हणजे पुसून, कार्ड पुन्हा उठवा. मीही बरेच दिवस हेच सांगत फिरायचो.

आधी ‘फाइल’. इथे फाइलबिइल काही नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, १७ नंबरचा एरर देतो, आणि सी लायब्ररीत १७ पुढे हे शब्द लिहिलेले आहेत, इतकंच. कॉन्फिगच्या फायली उडवायला निघालेल्यांनी हात आवरावा.

‘टाकायचं ते आधीच आहे, म्हणून एरर खोटा.’ सल्ल्याचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे. स्क्रिप्ट दोनदा चालली असेल तर ते खरंही आहे. पण राउट ॲड करताना कर्नल मुख्यतः कुठे जायचं तो पत्ता आणि मेट्रिक (राउटचा पसंतीक्रम) जुळतात का ते पाहतो. गेटवे (बाहेर नेणारा राउटर) वेगळा असला तरी त्याला फरक पडत नाही. डिफॉल्ट राउट (वेगळी वाट न दिलेल्या सगळ्यासाठीचा) १९२.१६८.१.१ वरून आहे आणि तुम्ही १०.०.०.१ वरून टाकायला गेलात, तरी उत्तर तेच. एसटीत सीटवर रुमाल आहे एवढंच कळतं. तो तुमचा की दुसऱ्याचा, हे नाही.

हे मला एका दोन कार्डांच्या सर्व्हरवर कळलं. इंटरफेसेस या कॉन्फिग फाइलमध्ये दोन्ही कार्डांखाली मीच गेटवेची ओळ लिहून ठेवली होती. दुसरं कार्ड उठताना हा एरर, आणि खाली ‘फेल्ड टू ब्रिंग अप’. पिंग जात होतं, म्हणून सोडून दिलं. जात होतं ते पहिल्या कार्डावरून! पहिलं इफडाउन (बंद) केलं त्या दिवशी दुसऱ्याचा दिवा लुकलुकत होता, पण बाहेर जायला राउटच नव्हता. शिवाय कार्ड उठवणारी इफअप कमांड मध्येच थांबल्यामुळे त्यानंतर चालवायच्या पोस्ट-अपच्या ओळीही चालल्या नव्हत्या. शेवटी दुसऱ्या गेटवेखाली ‘मेट्रिक १००’ लिहिलं आणि काम झालं.

‘ऑर ट्रू’ तर त्याहून वाईट. कर्नलने कशालाही नकार दिला की राउट टाकणाऱ्या ‘आयपी’ कमांडचा एक्झिट कोड (संपताना ती देते तो आकडा) २ येतो, मग कारण ‘फाइल एक्झिस्ट्स’ असो, ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असो की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. यातला फरक फक्त मजकुरात दिसतो, आणि तोच तुम्ही डेव्ह-नलमध्ये घातलात.

फ्लशबद्दल एवढंच: एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगिन करून, मारलात तर पुढची कमांड सर्व्हरच्या खोलीत जाऊन टाइप करावी लागेल.

काही जण ॲडऐवजी रिप्लेस वापरा म्हणतात. तो राउट फक्त तुमचीच स्क्रिप्ट टाकत असेल तर जरूर वापरा. डिफॉल्टवर मात्र जपून, कारण दुसऱ्याचा गेटवे गुपचूप उडेल.

मी आता आधी राउट शो करून बघतो. गेटवे आणि कार्ड जुळलं तर स्क्रिप्ट गप्प बसते, राउट नसेल तर टाकते. तिथे दुसराच गेटवे असेल तर एक्झिट १, आणि स्क्रीनवर: ‘डिफॉल्ट १९२.१६८.१.१ कडे आहे, हवा होता १०.०.०.१.’