साहेबांनी आकड्यांत शिरावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : साखर कारखान्याच्या कार्यकारी संचालकांनी हंगामात रोज सकाळी गाळपाचे आकडे स्वतः ताडून पाहावेत, हा माझा सल्ला म्हणजे खातेप्रमुखांवर अविश्वास. मोठ्या साहेबांनी धोरण बघावं, गव्हाणीवर, म्हणजे ऊस मिलमध्ये पडतो तिथे, उभं राहू नये.

चीफ इंजिनिअरला डावलून फिटरला किंवा शेतकी अधिकाऱ्याला डावलून चिटबॉयला (फडातल्या उसाची स्लिप लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला) थेट फोन गेला, की कारभाराचा बोऱ्या वाजतो, हे तुमचं खरंच आहे. पण मी लिहिलं होतं ते विचारण्याबद्दल. हुकूम खातेप्रमुखांमार्फतच जायला हवा.

आणि एकदा मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की धोरण उरतं किती? दिवसाला 5,000 टन क्षमतेचा कारखाना ताशी 208 टनांच्या आसपास गाळतो. उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) 0.1 टक्क्याने घसरला तर दिवसाला 50 क्विंटल साखर गेली. फेब्रुवारी 2019 मध्ये ठरलेल्या किलोला 31 रुपये या किमान विक्री दराने धरलं तरी 1 लाख 55 हजार रुपये, रोजचे. हे मासिक सभेत कळून काय उपयोग?

रोजच्या अहवालात घसरण दिसते, कारण दिसेलच असं नाही. समजा गाळप अडीच तास थांबलं, कारण ऊसच नव्हता. ‘उसाअभावी’ लिहिलं तर शेतकी खात्याला बोलणी बसणार. मग मिलवाले तेवढ्यात साफसफाई उरकून घेतात आणि अख्खा वेळ ‘क्लिनिंग’च्या रकान्यात जातो. साफसफाई झालेली असते, त्यामुळे खोटं कुणीच बोललेलं नसतं; अहवाल मात्र खोटा. ताळा घ्यायला दोन कागद पुरतात : मिलची लॉगशीट, म्हणजे तासागणिक नोंदींचा तक्ता, आणि वजनकाट्यावरची नोंद. थांबण्याआधीच्या दोन तासांत किती टन आत आले आणि यार्डात किती वाहनं उभी होती, ते पाहा. यार्ड भरलेलं असताना मिल थांबली तर इंजिनिअरिंगला विचारायचं, रिकामं असेल तर शेतकीला.

भरलेलं यार्ड पाहून खूश होणारे अध्यक्ष पुष्कळ आहेत! तोडलेला ऊस 24 तासांत गाळला जावा. उशीर झाला की वजन घटतं, सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, डेक्स्ट्रान हा जिवाणूंमुळे तयार होणारा चिकट पदार्थ वाढून रस चिकट होतो आणि पॅनवरचं, म्हणजे साखरेचे दाणे पाडण्याचं, काम रेंगाळतं. म्हणून वाहनं किती यापेक्षा सगळ्यात शिळा ऊस किती तासांचा, हे विचारावं. इथे एक गफलत नेहमी होते : टोकनवर वेळ यार्डात शिरल्याची असते, फडात ऊस तुटल्याची नसते. तोडणीची वेळ चिटबॉयने स्लिपवर लिहिली नाही तर या प्रश्नाला खरं उत्तर मिळणारच नाही.

बैठक 20 मिनिटांपेक्षा लांबवू नये. साहेबांनी शेवटी बोलावं. आधी बोलले की सगळे त्यांच्याच सुरात सूर मिळवतात. वाईट बातमी आली तर ‘आता काय लागेल?’ आधी, ‘कुणामुळे?’ नंतर, आणि तेही चार लोकांसमोर नको. हा क्रम उलटला की आठवडाभरात सगळे थांबे ‘क्लिनिंग’मध्ये जायला लागतात. अविश्वास वाटतो तो इथे, आकडे विचारण्यात नव्हे.

राहिला वशिल्याने नंबराआधी मिळणाऱ्या ऊसतोडीचा प्रश्न, ज्याला तुम्ही ‘किरकोळ’ म्हणता. एका संचालकाच्या फोनवरून तोडणी मजुरांची टोळी हलली तर तोडणीच्या कार्यक्रमात ज्याचा नंबर होता त्याचा ऊस फडात वाळतो, आणि पलीकडच्या गावात टोळी नेण्यात तोडणीचा अर्धा दिवस जातो. पुढच्या सकाळी यार्ड रिकामं का, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. फोन बंद होणार नाहीत, तेवढं मलाही कळतं. गट ऑफिसात (कारखान्याच्या गावोगावच्या शेतकी कार्यालयात) एक वही ठेवावी : कुणाचा प्लॉट, मूळ तारीख, बदललेली तारीख, फोन कुणाचा. दर सोमवारी ती बैठकीत मोठ्याने वाचावी, साहेबांच्या स्वतःच्या फोनांसकट.