सांबारातला गूळ

बेंगळुरूहून आम्ही परवा परतलो आणि काल संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर टेकल्या टेकल्या बंडानं तोंड उघडलं.

"गोड. सगळं गोड. सांबार गोड, भाजी गोड. चार दिवस जिभेला तिखटाचा पत्ता न्हाई."

विज्याच्या पोराची वास्तुशांत होती. विज्या, बंडा आणि मी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं गेलो. घरचा कार्यक्रम एका दिवसाचा, उरलेले तीन दिवस नुसतं हिंडणं आणि खाणं. मनापासून सांगतो, इतकं जीव लावून केलेलं खाणं मला गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. म्हणून बंडाचं बोलणं मला लागलं. पण मी काही म्हणायच्या आत सलीम बोलला.

"बंडा, तुझी आई आमटीत काय घालायची?"

"आमसूल, गोडा मसाला, गूळ..."

"गूळ किती?"

"चवीपुरता."

"मग त्यांनी पण चवीपुरताच घातलाय. त्यांच्या चवीपुरता."

सलीमची सीपीआर दवाखान्याजवळ नाष्ट्याची गाडी आहे. त्याआधी, मिसरूड फुटायच्या वयात, तो माटुंग्याच्या एका उडुपी हॉटेलात कपबश्या विसळायला होता, तिथून डोशाच्या तव्यापर्यंत चढला. गाडी बंद ठेवता येत नाही म्हणून तो आमच्याबरोबर आला नाही आणि कालपासून एकेक गोष्ट खोदून विचारतो आहे. तवा लोखंडी का? चटणी दाट का पातळ? डोसा उलटतात का?

मी त्याला विद्यार्थी भवनचं सांगत होतो. गांधी बाजारातलं हे हॉटेल १९४३ सालचं, आसपासच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेलं, म्हणून ते नाव. भिंतीवर कन्नड लेखकांची चित्रं. वेटर एका हातावर डोशांच्या प्लेटांची उतरंड रचून येतो आणि एकेक प्लेट पत्ता वाटावा तशी टेबलावर सोडत जातो. डोसा जाडसर, वरून खरपूस, आतून मऊ. सोबत पातळ चटणी. सांबार नाही.

"तेच म्हणतोय मी!" बंडा उसळला. "डोशाला सांबार न्हाई. आणि ते शंकरपुरमचं, काय त्याचं नाव, उभं राहून खायचं..."

"ब्राह्मिन्स कॉफी बार," विज्या म्हणाला.

"तिथं तर इडलीला पण सांबार न्हाई! मी मागितलं, तर पोरगं माझ्याकडं बघतंय."

"बघणारच की," सलीम म्हणाला. "१९६५ पासून ती माणसं इडली, वडा, खारा भात म्हणजे उपमा, केसरी भात म्हणजे शिरा, आणि चटणी एवढंच करतात. बरं, मला सांग, कोल्हापुरात येऊन कुणी मिसळीबरोबर दही मागितलं तर तू काय म्हणतोस?"

"पुण्याचा हायस काय, म्हणतो."

बोलून गेल्यावर बंडाच्या लक्षात आलं. विज्यानं तेवढ्यात त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

पण बंडा तसा हार मानत नाही. गोव्याला गेलो होतो तेव्हा पणजीत भर उन्हात त्यानं आम्हाला मिसळीसाठी तास-दीड तास फिरवलं होतं आणि शेवटी पिशवीतलं भडंग खाऊन समुद्राकडे पाठ करून बसला होता. ती गोष्ट निघाली, मग विज्याचा थर्मास निघाला, तो बंडानं त्याच सहलीत नेला आणि अजून परत केलेला नाही. "थर्मासाचा आणि डोशाचा काय संबंध?" असं बंडा विचारत राहिला.

"रांगेचं बोला," तो शेवटी म्हणाला. "मल्लेश्वरमला एका डोशासाठी पाऊण तास! आपल्या चौकात गाडीवर दावणगिरी लोणी डोसा दोन मिनिटांत मिळतोय."

"लोणी दोन्हीकडं हाय, डोसा एक नव्हे," सलीम म्हणाला. "दावणगिरीच्या पिठात चुरमुरे पडतात, म्हणून तो मऊ. मल्लेश्वरमला सीटीआर हॉटेलचा बेण्णे मसाला कुरकुरीत. बेण्णे म्हणजे लोणी, एवढंच साम्य. दोन्ही एकच म्हणणं म्हणजे तांबडा आणि पांढरा एकच म्हणण्यासारखं हाय."

तांबड्या-पांढऱ्याची शपथ घातल्यावर बंडाला तिथं बोलता येईना. मग त्यानं खरी तक्रार काढली. एका हॉटेलात आमच्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. "सोल्प ॲडजस्ट माडी", म्हणजे जरा सांभाळून घ्या, म्हणाले, हसले आणि पेपर उघडून कॉफी पीत बसले. बेंगळुरूच्या जुन्या हॉटेलांत ही रीतच आहे. खुर्ची मोकळी असेल तर ती कुणाचीही. मला ते फार आवडलं. बंडाला त्याचा घास गिळवेना.

"ओळख ना पाळख, आणि माझ्या ताटासमोर?"

सलीमनं त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "बंडा, तू एसटीत कंडक्टर व्हतास किती वर्षं?"

"एकतीस."

"एकतीस वर्षं तिघांच्या बाकड्यावर चौथा बसवलास. 'सरका, सरका' म्हणून. आता तू सरक."

कट्ट्यावर हशा झाला. पण एसटीचं नाव निघालं आणि बंडाचा चेहरा एकदम बदलला.

"ते कर्नाटकातल्या चित्रदुर्गाचं इसरलासा? आपल्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं. स्टेअरिंगवर बसलेला माणूस त्यो. आणि आपण तिथं जाऊन कौतुकानं डोसे खायचे."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. त्यानंतर बसगाड्या बंद होत्या त्या दिवसांत बंडा रोज स्टँडवर जाऊन उभा राहायचा, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याची ती वेदना खरी आहे.

"वाईटच झालं ते," सलीम म्हणाला. "पण तुला डोसा वाढणाऱ्यानं फासलं का? माझे माटुंग्याचे अण्णा सांगायचे, साठीच्या दशकात मुंबईत उडुप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. ह्यांच्या पण काचा फुटल्या. रात्री काचा झाडल्या आणि सकाळी सहाला इडलीचं भांडं चढवलं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते मराठी गिरणी कामगार. अण्णांनी त्याला काय विचारलं असंल? 'इडली का वडा?' बास."

बंडा काही बोलला नाही. शेंगदाणे निवडत बसला.

मग सलीमनं मला एमटीआर हॉटेलचं विचारलं. मी सांगितलं की बेंगळुरूच्या लालबागेजवळ नाव लिहून थांबावं लागतं, जेवणाबरोबर कॉफी चांदीच्या पेल्यात येते, मसाला डोशासोबत वाटीभर पातळ तूप आणि रवा इडलीबरोबर सागू, म्हणजे भाज्यांचा रस्सा, देतात. १९२४ पासूनचं हॉटेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, तेव्हा यांनी रव्याची इडली केली, असं तिथं सांगतात.

"आणीबाणीचं सांगितलं का कुणी?" सलीमचा आवाज चढला. "सरकारनं हॉटेलातले दर बांधून दिले. त्या दरात चांगलं तूप घालायचं तर तोटा. दुसरा असता तर डालडा घातला असता, कुणाला कळलं असतं? ह्या मालकांनी, मय्यांनी, रोजचा तोटा बाहेर फळ्यावर लिहून लावला आणि शेवटी हॉटेल बंद केलं, पण माल हलका केला न्हाई. मग नोकरमाणसांना काम पाहिजे म्हणून तयार पीठं, मसाले विकायला लागले. तुझ्या घरात गुलाबजामचं पाकीट येतं नव्हं, त्याची सुरवात तिथली. अण्णा ही गोष्ट गल्ल्यावर बसून आम्हाला सांगायचे आणि मग म्हणायचे, आता जा, कप नीट विसळ."

स्वतःच्या गाडीवर तेलाचा डबा वाढला की पोह्यांचा दर दोन रुपयांनी वाढवताना सलीमची चार दिवस झोप उडते. त्याच्या तोंडून ती गोष्ट ऐकताना मला त्या हॉटेलाच्या दारात उभा असतानापेक्षा जास्त भरून आलं.

"ते सगळं खरं," बंडा हळूच म्हणाला, "पण मटण? मटण कोल्हापूरच्या खाली कुणाला जमत न्हाई."

"आणि शिवाजी मिलिटरी हॉटेल?" विज्यानं विचारलं.

"त्ये आपलंच की! १९३५ चं, मराठा घरातलं. १६३८ ला शहाजीराजांना बेंगळुरूची जहागिरी मिळाली, त्यांच्या फौजेचं जेवण त्ये. म्हणून मिलिटरी."

"फौजेचं का गोऱ्यांच्या छावणीचं, ह्यावर तिथली माणसंच भांडत्यात," विज्या म्हणाला. "जेवण कसं व्हतं त्ये सांग."

"बिर्याणी हिरवी. पुदिना, कोथिंबीर. तांदूळ बारका. वाढत्यात ते दोन्नेत, म्हणजे आपल्या द्रोणातच."

"चव?"

"ठीक."

"ठीक?" विज्यानं मोबाईल काढला. "सलीम, हे बघ."

फोटोत बंडा होता. बाह्या वर केलेल्या, कपाळावर घाम, हातात नळी, डोळे मिटलेले. समोर रिकामे द्रोण. सलीमनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि बोट ठेवून मोजायला लागला.

"एक... दोन... तीन... ह्यो चौथा कुणाचा?"

"त्यो माझा न्हवं," बंडा घाईनं म्हणाला. "त्यो विज्याचा."

"माझी त्या दिवशी संकष्टी व्हती की रे," विज्या म्हणाला. "मी बाहेर केळी खात उभा व्हतो."

सलीम हसता हसता कट्ट्यावरून खाली उतरला. भेळवाला हातातलं सोडून आमच्याकडे बघायला लागला. बंडा "फोटो काढून टाक, पहिला फोटो काढून टाक" करत विज्याच्या मागे पळाला, आणि विज्या पुढं पळता पळता ओरडत होता, "आधी थर्मास!"