डेव्हिड हॉल यांचं श्रेय नक्की कशाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

विनाचालक गाड्यांसाठी फिरतं लायडार बनवणारे अमेरिकेचे डेव्हिड हॉल यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. सातपूरला बत्तीस वर्षं डिझेल पंपाच्या प्लंजर-बॅरलवर हात बसवलेला माणूस ‘लेखकाने शोध आणि सुधारणा यांत गल्लत केली आहे’ असं म्हणतो, तेव्हा दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटेना. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो: लायडार, म्हणजे लेसर किरण सोडून अंतर मोजणारं यंत्र, हॉल यांच्या आधीपासून होतं, ज्यांना स्वतःच्याच कंपनीतून बाहेर काढलं त्यांचं यश कसलं सांगता, आणि जी विनाचालक गाडी आपल्या द्वारका चौकात दहा फूट पुढे सरकणार नाही, तिचं कौतुक नाशिककरांनी का वाचायचं.

पहिला आक्षेप खरा आहे. ‘लायडारचा शोध हॉल यांनी लावला’ हे माझं वाक्य चूक होतं आणि ते काल रात्री मी बदललं. लेसरने अंतर मोजणं 1960च्या दशकापासून चालू आहे. 1971 साली अपोलो 15ने चंद्राभोवती फिरताना खालच्या जमिनीची उंची लेसरनेच मोजली होती.

पण म्हणून हॉल यांचं श्रेय शून्यावर येत नाही, आणि हे समजावायला तुमच्याच कामाचं उदाहरण घेतो. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 मध्ये चाललं. तरी ट्रकमध्ये ते सहज बसेना, कारण इंधन आत फवारायला दाबाखालची हवा लागायची आणि त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर. जहाजात, कारखान्यात ते चालून गेलं. 1927 मध्ये बॉशचा इंधनपंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला आणि डिझेल रस्त्यावर आलं. तो पंप म्हणजे ‘नुसती सुधारणा’ असं तुम्ही म्हणाल का? ज्या प्लंजरची फट मायक्रॉनमध्ये मोजायची, त्याच्यावर तुमचं आयुष्य गेलंय. लायडारच्या बाबतीत हॉल यांनी जे केलं ते मला त्या पंपासारखं वाटतं.

हा माणूस मुळात स्पीकरवाला. 1983 मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात व्हेलोडाइन काढली, ती सबवूफर बनवायला. स्पीकरचा पडदा प्रत्यक्षात किती हलतोय हे त्या पडद्यावरच सेन्सर लावून मोजायचं आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची, ही त्यांची पद्धत. 13 मार्च 2004 रोजी अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने मोहावी वाळवंटात विनाचालक गाड्यांची 142 मैलांची शर्यत ठेवली. डेव्हिड आणि त्यांचे भाऊ ब्रूस स्वतःची टोयोटा टुंड्रा घेऊन उतरले, आणि तिच्यावर लेसर नव्हतेच, कॅमेरे होते. गाडी सहा मैलांच्या आसपास जाऊन अडकली. त्या दिवशी शर्यत कोणीच पुरी केली नाही. सगळ्यांत पुढे गेलेली गाडीसुद्धा साडेसात मैलांच्या आत थांबली.

इतर संघांच्या गाड्यांवर लेसर होते, पण ते एका रेषेत बघणारे. खड्ड्यात गाडीचं नाक खाली गेलं की ती रेषा जमिनीत, वर उचललं की आभाळात. समोरचा दगड रेषेच्या खाली असला की दिसलाच नाही. हॉल यांनी 64 लेसर एकावर एक थोड्या थोड्या कोनात बसवले आणि ते अख्खं डोकंच गरगर फिरवलं. 2005च्या शर्यतीत त्यांच्या गाडीच्या टपावर असलेलं हे यंत्र 30 इंच व्यासाचं आणि जवळजवळ 45 किलोचं होतं. त्या वर्षी गाडीच्या स्टिअरिंगने दगा दिला. पुढे त्यांनी शर्यत सोडून तोच सेन्सर लहान करून विकायला काढला, आणि 2007च्या शहरी शर्यतीत ज्या सहा गाड्या शेवटपर्यंत पोचल्या त्यांतल्या पाचांवर तो होता.

अंबडमध्ये आमचं काम मशीनचे स्पिंडल दुरुस्त करण्याचं. डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना स्पिंडल किती डुलतो ते, बघताना काटा जरा थरथरला तरी पोटात गोळा येतो. म्हणून या यंत्राचा आकडा वाचून मी खरोखर थबकलो. डोकं सेकंदाला 5 ते 15 फेरे घेतं, सेकंदाला दहा लाखांहून जास्त बिंदू मोजतं. एका लेसरचा कोन 0.1 अंशाने चुकला, तर 100 मीटरवर माप 17 सेंटिमीटर सरकतं. किरण जाऊन परत यायचा वेळ मोजण्यात एक नॅनोसेकंद चुकला, तर अंतरात 15 सेंटिमीटरचा फरक. असे चौसष्टच्या चौसष्ट, फिरत्या डोक्यावर, गाडीचे हादरे खात. हे कागदावर सुचणं वेगळं आणि वर्कशॉपमध्ये उभं करणं वेगळं, काका, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या 2011च्या पेटंटला क्वानर्जी या दुसऱ्या कंपनीने ‘यात नवीन काय’ असंच आव्हान दिलं होतं. पेटंट मंडळाने पेटंट कायम ठेवलं आणि 2022 मध्ये अपील न्यायालयानेही.

दुसऱ्या मुद्द्यावर वाद घालत नाही. 2020 मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली, 2021च्या सुरुवातीला हॉल यांचं अध्यक्षपद गेलं, 2023 मध्ये व्हेलोडाइन आउस्टर या दुसऱ्या लायडार कंपनीत विलीन झाली. घडलं ते असं. धंद्याचा हिशोब मांडायचा असेल तर तो वेगळ्या वहीत मांडू. 64 लेसरचं डोकं त्याने खोटं ठरत नाही.

आता द्वारका. तिथे रिक्षा, सिटी बस, उलट्या बाजूने येणारी दुचाकी आणि मधूनच रस्ता ओलांडणारी माणसं, यांत आजची विनाचालक गाडी गोंधळेल, हे कबूल. आणि ड्रायव्हरच्या पोटावर पाय येईल ही तुमची भीती मी हलकी मानत नाही. पण माझ्या डोक्यात रस्ता नाहीच.

माझ्या चुलतभावाची निफाडला द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, डावणी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने दिवसरात्र औषध फवारणारा ब्लोअर चालू. ट्रॅक्टरवरचा मुलगा तोंडाला ओला रुमाल बांधून ओळीमागून ओळ फिरत होता. खाली उतरला तेव्हा त्याच्या भुवया बोर्डोने, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या औषधाने, निळसर झाल्या होत्या. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. औषधाच्या त्या धुक्यातून त्याला बाहेर काढणं, त्याला बांधावर उभा राहून ट्रॅक्टर चालवता येणं, यासाठी मला हे यंत्र हवंय. मांडवाखाली उपग्रहाचा सिग्नल डळमळतो. लायडारला आभाळ लागत नाही, खांब आणि खोडं दिसली की पुरे. किंमतही तिथे राहिलेली नाही. पहिला मोठा सेन्सर 75,000 डॉलरच्या घरात होता, 2014चा सोळा लेसरचा छोटा 7,999 डॉलरला आला, 2018 मध्ये तो निम्म्यावर उतरला.

असा एक जुना सोळावाला मी मिळवलाय. छोट्या ट्रॅक्टरवर बसवलाय, ओळी ओळखतो. अडलंय ते स्टिअरिंगच्या हायड्रॉलिकवर: व्हॉल्व्ह उघडला की चाक उशिरा वळतं आणि मग जास्तच वळतं. दाब, गळती, फट यांतलं मला फार कळत नाही, तुम्हाला कळतं. भावाने बागेच्या कडेच्या दोन ओळी आपल्यासाठी मोकळ्या ठेवल्यात. येत्या रविवारी सकाळी येता का? मी गंगापूर रोडवरून तुम्हाला घ्यायला येतो.