गावरान पिल्लांना लस लागत नाही, हे खोटे आहे

परवा रात्री ओतूरहून थोरल्या नणंदेचा फोन आला. त्यांच्या भिशीच्या गटावर एक संदेश फिरत होता, आणि भिशीचे पैसे नुकतेच हाती आल्यामुळे त्यात सांगितलेली शंभर पिल्ले घ्यावीत का, असे वन्सं विचारत होत्या. हाच संदेश गेल्या महिनाभरात मला निदान सहा जणांनी पाठवला आहे. त्यात लिहिले आहे : "एक दिवसाची अस्सल गावरान पिल्ले, फक्त 25 रुपये. लस नको, औषध नको, खाद्याचा खर्च शून्य. 100 पिल्ले सोडा, पाच महिन्यांनी रोज 80 अंडी गोळा करा. कडकनाथ घेतल्यास काळी अंडी, 50 रुपयांना एक. माल आम्हीच परत घेऊ. विचार करत बसणारा मागे राहतो."

मी स्वतः पिल्ले विकते, हे आधीच सांगून ठेवते. उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्ले आणून ती महिन्याची करायची आणि जुन्नरच्या आठवडे बाजारात विकायची, हा माझा सात वर्षांचा व्यवसाय आहे. त्यामुळे या धंद्यात माझा स्वार्थ आहे, आणि याच धंद्याची पत अशा संदेशांमुळे कशी जाते, तेही मी रोज पाहते.

सर्वांत घातक वाक्य "लस नको" हे आहे. गावरान कोंबडी काटक असते, ऊन-पाऊस सोसते, कुत्र्या-मांजराची चाहूल तिला लवकर लागते, हे सगळे खरे आहे. पण मानमोडीचा विषाणू गावरान आणि संकरित असा भेद करत नाही. उत्तराखंडातल्या ज्या गावाच्या नावाने आपण या रोगाला राणीखेत म्हणतो, तिथे तो नोंदला गेल्याला शंभर वर्षे होत आली, आणि अजून त्यावर औषध नाही. कोंबडी हिरवट हगते, तोंड उघडे टाकून श्वास घेते, पंख आणि पाय लुळे पडतात, मान पिळवटते, आणि लस न दिलेला कळप बघता बघता रिकामा होतो. वन्संच्या परसातल्या चौदा कोंबड्या दोन वर्षांपूर्वी चार दिवसांत अशाच गेल्या. शेवटची कोंबडी डालग्याखाली मान वाकडी करून गोल गोल फिरत होती आणि सासूबाई तिच्या चोचीत हळदीचे पाणी घालत होत्या. तेव्हापासून त्यांचे खुराडे रिकामे आहे. अशा बाईला "लस नको" असे सांगणे म्हणजे तिची भीती घालवणे नव्हे, तर ज्या गोष्टीने तिचे नुकसान झाले तीच पुन्हा तिच्या दारात आणून सोडणे आहे.

विक्रेत्याला विचारले तर तो म्हणतो की पिल्लांना लस दिलेलीच आहे. हे अर्धसत्य आहे. चांगल्या उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली एक लस टोचतात, पण ती मरेक्स रोगाची असते. तिचा मानमोडीशी काही संबंध नाही. वनराजा ही परसातली जात हैदराबादच्या ज्या केंद्रीय कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केली, त्यांचे वेळापत्रक स्पष्ट आहे : पहिल्या दिवशी मरेक्स, पहिल्या आठवड्याच्या शेवटी मानमोडीसाठी लासोटा, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या आणखी एका रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, पुढे देवीची लस, आणि दोन महिन्यांच्या सुमारास पंखाखाली टोचायची आरटूबी ही मानमोडीचीच पुढची लस. मुद्दाम परसात सोडण्यासाठी तयार केलेल्या कोंबडीलाही तिचे निर्माते एवढ्या लसी द्यायला सांगत असतील, तर "परसातल्या कोंबडीला लस लागत नाही" या म्हणण्याला आधार तरी कोणता?

लासोटा देणे अवघड नाही. पिल्लू मुठीत धरायचे, डोळ्यात एक थेंब सोडायचा आणि त्याने डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत थांबायचे. अडचण वेगळीच आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, ती दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पंधरा कोंबड्यांसाठी कुणी कुपी फोडत नाही. म्हणून लहान गावात लस राहून जाते आणि मग "लागतच नाही" हे म्हणणे सगळ्यांनाच सोयीचे वाटते. यावर उपाय एवढाच की आळीतल्या पाच-सहा घरांनी एक दिवस ठरवून एकाच कुपीत सगळ्यांच्या कोंबड्या उरकाव्यात.

"खाद्याचा खर्च शून्य" हे वाक्य पूर्ण खोटे नाही, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते. दहा-बारा मोठ्या कोंबड्या उकिरड्यावरचे किडे, वाळवी, खळ्यात सांडलेले दाणे आणि घरातले उष्टे यांवर बऱ्याच अंशी जगतात. संध्याकाळी मूठभर दाणे आणि कवच घट्ट होण्यासाठी थोडी शिंपल्यांची भुकटी दिली की पुरते. पण एका परसात शंभर कोंबड्यांना पुरतील इतके किडे नसतात. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला तर चारा शोधायला शिकवणारी आईही नसते. अंड्यातला बलक पोटात घेऊन ते जन्मते, म्हणून पहिले दोन दिवस खाद्यावाचून काढू शकते आणि म्हणूनच खोक्यात भरून दूरवर पाठवता येते. गिऱ्हाइकाला वाटते, काटक आहे. तिसऱ्या दिवसापासून मात्र त्याला पिल्लांचे खाद्य आणि ऊब दोन्ही लागतात, पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सियस, पुढे दर आठवड्याला थोडी कमी. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडी टाकत असतील तर उष्णता जास्त आहे, आणि सगळीकडे पसरून खात असतील तर ठीक आहे, असे समजावे. पहिल्या हिवाळ्यात रात्री वीज गेली आणि सकाळी माझी एकतीस पिल्ले कोपऱ्यात एकमेकांखाली चेंगरून मेलेली सापडली. संदेशात ऊब हा शब्दसुद्धा नाही.

रोज 80 अंड्यांचा हिशेब वन्संनी फोनवरच माझ्याबरोबर केला. एक दिवसाची सरमिसळ पिल्ले घेतली की त्यांत निम्मे नर असतात. शंभरांतली पंच्याऐंशी जगली असे धरले, आणि हे नव्या माणसासाठी उदार गृहीत आहे, तर माद्या बेचाळीस-त्रेचाळीस होतात. गावरान कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते, मध्ये खुडूक होऊन बसते. म्हणजे दिवसाला सरासरी सात ते नऊ अंडी. वनराजा घेतली तरी तिची वर्षाची अंडी 110च्या आसपास, म्हणजे दिवसाला बारा-तेरा. ऐंशी अंडी देण्याइतक्या कोंबड्याच त्या परसात नसतात.

काळ्या अंड्यांविषयी जास्त लिहिण्याची गरज नाही. झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचे मांस, कातडी आणि हाडांवरचे आवरण रंगद्रव्यामुळे काळे असते, पण अंडे फिकट तपकिरी असते. काळ्या अंड्यांचे फोटो रंगवलेले असतात.

"माल आम्हीच परत घेऊ" हे आश्वासन मात्र ऐकलेच पाहिजे, कारण महाराष्ट्राने ते आधी ऐकले आहे. 2019 साली इस्लामपूरहून उघडकीस आलेल्या कडकनाथ प्रकरणात अंडी आणि पक्षी परत विकत घेण्याच्या याच भरवशावर राज्यभरातल्या शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले होते, काहींनी कर्जे काढली होती. खरेदी थांबली तेव्हा शेडमध्ये पक्षी होते, खाद्याला पैसे नव्हते आणि गिऱ्हाईक नव्हते. परत घेण्याची हमी देणाऱ्याला एकच विचारावे : तुम्ही घेतलेली अंडी पुढे कोण खाते? जर ती पुढच्या गुंतवणूकदाराची पिल्ले होण्यासाठीच जात असतील, तर पिल्ले घेणारी माणसे संपली की खरेदीही संपणार.

राहिले शेवटचे वाक्य, "विचार करत बसणारा मागे राहतो". बाजारात माझ्या पाट्यांसमोर दोन-दोन फेऱ्या मारून न घेता जाणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. मरणार नाहीत ना, यांत कोंबड्या किती, कोंबडा कसा ओळखायचा, हे त्यांचे प्रश्न बरोबर असतात. महिन्याच्या पिल्लाचा तुरा लवकर लाल होऊ लागला की बहुधा तो नर, एवढे मी दाखवू शकते. मरणार नाहीत असे मी कधीच सांगत नाही, कोणत्या तारखेला कोणती लस झाली तो कागद देते. काही जणी तरीही घेत नाहीत, आणि पुढच्या बाजाराला येऊन सहा घेतात.

वन्संनी शंभराऐवजी महिन्याची बारा पिल्ले घ्यायचे ठरवले आहे. ती लासोटाच्या दोन्ही मात्रा झालेली आहेत. आरटूबीसाठी त्यांनी आळीतली चार घरे जमवली असून पशुवैद्यकीय दवाखान्यात कुपीची चौकशी केली आहे, आणि बर्फासाठी शेजारच्यांचा थर्मास मागून ठेवला आहे.