संशयास्पद द्रव

गेल्या रविवारी मी माझ्या मोटरसायकलची चव घेतली. अगदी बोट लावून, जिभेवर ठेवून. का, ते सांगतोच. पण आधी मला जरा चिडू द्या.

ही रेसची गाडी बांधायला आठ महिने गेले. इंजिन एका आपटलेल्या गाडीचं, फ्रेम दुसरीची, फेअरिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तिसरीकडून आलेलं. रंग मात्र माझा, तीन हात, प्रत्येक हातानंतर पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासून. रेसच्या गाडीत ऑईलचा ड्रेन बोल्ट नुसता आवळून भागत नाही. त्याच्या डोक्याला बारीक भोक पाडायचं, त्यातून तार ओवायची आणि पीळ देऊन ती अशी बांधायची की बोल्ट थरथरीनं सुटायला लागला तर तारेनंच त्याला मागे खेचावं. अशा तारा मी इतक्या ठिकाणी बांधल्या की बोटांची चाळण झाली आणि फोन माझा अंगठा ओळखेनासा झाला.

रेडिएटरमध्ये साधं पाणी. ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी ग्लायकॉलवालं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) चालत नाही, कारण ते सांडलं की रस्ता निसरडा होतो आणि लवकर वाळतही नाही. पण साधं पाणी गोठतं, गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आणि ती 9 टक्के जागा ते इंजिनाकडून वसूल करतं. म्हणून थंडीचे ते दिवस मी रोज रात्री गाडीचं पाणी बादलीत काढायचो आणि सकाळी परत पाजायचो. तान्ह्या बाळाचंही कुणी एवढं करत नसेल.

रविवारी सकाळी ट्रॅकवर 4 अंश तापमान आणि वर धुकं. पहिलं सेशन धुक्यानं खाल्लं. दुसऱ्यासाठी टायर 80 अंशांवर तासभर वॉर्मरमध्ये, म्हणजे विजेवर तापणाऱ्या दुलईत, शिजवले, कारण थंड स्लिक (बिनखाचांचा) टायर म्हणजे ओल्या फरशीवरचा साबण. मग निघालो. इंजिन नवीन, म्हणून आरपीएम जपून. गिअरही रेसवाल्यांच्या पद्धतीचे उलटे, पहिला वर आणि बाकीचे खाली दाबून. त्यामुळे लक्ष सगळं डाव्या पायाच्या बोटांत.

पहिली फेरी संपवून सरळ रस्त्यावर आलो, तर पाटी दिसली. काळ्यावर केशरी गोल आणि शेजारी 61. याचा अर्थ, त्या नंबरच्या गाडीत काहीतरी बिघडलंय, तिनं ताबडतोब बाहेर यावं. बिचारा 61, मी मनात म्हटलं, आणि पुढे गेलो. पुढच्या फेरीत पाटी धरणारा माणूस ती माझ्याच अंगावर फेकेल अशा बेतानं हलवत होता. तेव्हा आठवलं की 61 हा आकडा आदल्या रात्री मीच चिकटवला होता.

पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात त्या गल्लीत, तपासणीवाले काका उभे होते. कानटोपी, तिच्यावर हेडफोन, हातात पॅड, पॅडला सुतळीनं बांधलेलं पेन.

"गळतंय," काका म्हणाले.

"काय गळतंय?"

"तेच बघायचंय."

मग ते खाली बसले. बसायलाच एक मिनिट लागलं. सेशन 20 मिनिटांचं असतं, हे इथे लक्षात ठेवावं. सायलेन्सरच्या टोकाला एक थेंब जमत होता. काकांनी त्याखाली बोट धरलं आणि वाट पाहिली. थेंब पडला. तो त्यांनी दोन बोटांत चोळला, हुंगला, उजेडात धरला. आणि मग बोट तोंडात घातलं.

मी हेल्मेटच्या आत काहीतरी ओरडलो, ते आतच राहिलं.

"गोड नाही," काका म्हणाले. "म्हणजे कूलंट नाही."

ग्लायकॉल गोड असतं हे खरं आहे. ते विषारी असतं हेही तितकंच खरं आहे.

"आणि गोड लागलं असतं तर?"

"तर गाडी बाद."

"आणि तुम्ही?"

नियमपुस्तिकेबाहेरचा प्रश्न विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पेट्रोल नाही," त्यांनी पुढे नोंदवलं. "ब्रेक ऑईल तर नाहीच नाही."

"कशावरून?"

"अनुभव."

मी हेल्मेट काढलं. "काका, पाणी आहे ते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. एरवी वाफ होऊन निघून जातं. आज थंडी आहे, मी गाडी हळू चालवतोय, सायलेन्सर तापत नाहीये, म्हणून थेंब."

"पेट्रोलचं पाणी होतं?"

"हो."

"मग ते पाण्यावर गाडी चालवणारे लोक असतात..."

"ते उलटं झालं."

"उलटं म्हणजे? पाण्याचं पेट्रोल?"

तेवढ्यात पिट लेनमधून चार गाड्या बाहेर पडल्या. चौघींच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि खाली थेंब. मी बोट दाखवलं. काकांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "त्या कंपनीच्या गाड्या आहेत."

ते मला अजून टोचतंय. कंपनीच्या गाडीतून पडतं ते पाणी आणि माझ्या गाडीतून पडतो तो द्रव. बरं, वादही घालता येत नाही, कारण समोरचा 'सेफ्टी' म्हणाला की आपण आपोआप खुनी ठरतो. त्यांचं चूक होतं असंही म्हणवत नाही. वळणावर ऑईलचे चार थेंब सांडले तर मागून येणारे ओळीनं आडवे होतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय रेसच्या नियमात गाडीच्या पोटाखालचं फेअरिंग असं लागतं की इंजिन फुटलं तरी निम्मं ऑईल आणि पाणी त्यात मावावं. माझ्यात मावतं. सकाळी याच काकांनी टेप लावून मोजलं होतं आणि "छान" म्हणाले होते!

"आता तुम्ही घ्या," काका म्हणाले.

"काय?"

"चव. मी एकट्याच्या जिभेवर सही कशी करू? गाडी तुमची आहे."

घड्याळात सहा मिनिटं उरली होती. मी ग्लव्ह काढला. घेतली.

"काय वाटतं?"

"काजळी."

"गोड?"

"नाही."

"खारट?"

"खारट कशाला असेल, काका?"

"विचारावं लागतं," ते म्हणाले, आणि पॅडवर काहीतरी लिहू लागले. पेन थंडीनं चालेना. त्यांनी ते फुंकलं, हातात चोळलं, मग तेही तोंडात धरलं. एव्हाना मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

तोवर टायर गार झाले. आणि टायरची एक बाजू गार असणंसुद्धा किती महागात पडतं! जर्मनीतल्या साक्सेनरिंगला 13 वळणांपैकी 10 डावी. डावीकडे वळून वळून टायरची उजवी कड गारठते, आणि मग येतं उतारावरचं अकरावं वळण, उजवं. तिथे जगातले निवडक रायडर पडलेत. माझ्या दोन्ही कडा गार होत्या, मधलाही भाग गार होता. उरलेली एक फेरी मी अशी मारली की एका वळणावरच्या मार्शलनं, म्हणजे झेंडे दाखवणाऱ्या माणसानं, मला हात केला. कौतुकानं केला असं मी धरून चाललोय.

धुक्यातल्या सेशनचे पैसे परत मिळत नाहीत, तपासणीत गेलेल्याचेही नाहीत. फॉर्मवर ते सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. मी तरी विचारलं. "पाणी होतं हे सिद्ध झालंय," मी म्हणालो. खिडकीतल्या मुलीनं कागद चाळून विचारलं, "कुणी सिद्ध केलं?"

निघताना काकांनी टाकीवर एक पिवळं स्टिकर लावलं, वरून तळहातानं नीट दाबलं. गाडी क्र. 61. संशयास्पद द्रव आढळला. प्रकार: पाणी (चवीवरून). लक्ष ठेवावे.

घरी येऊन मी नखानं त्याचा एक कोपरा उचलून पाहिला. गोंद थंडीनं दगड झाला होता, आणि कोपऱ्याबरोबर तीन हातांतला वरचा हात पापुद्र्यासारखा सुटून यायला लागला. मी कोपरा परत दाबून बसवला.